रानातली देवी

भाद्रपद सरत आला की हैदराबादच्या सुलतान बाजारात रान येऊन बसतं. एरवी हा बाजार साड्यांचा, काठपदरांचा. त्या दिवसांत मात्र दुकानांच्या पायऱ्यांलगत पिवळ्याधमक तरवडाचे भारे आणि चंदेरी कुरडूच्या जुड्या पडलेल्या असतात. आमच्या मराठवाड्यात कुरडू कोवळा असला तर भाजीला, एरवी तण म्हणून उपटून बांधावर. इथं त्याचीच देवी होते. तेलंगणच्या बतुकम्मा या फुलांच्या सणावर माझा जीव आहे तो यासाठी.

सर्वपित्री अमावस्येला मराठी घरात पितरांचं पान वाढून कावळ्याची वाट पाहायची, आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या तेलुगू घरात पहिली बतुकम्मा सजते. महिने दोघांचेही अमावस्येला संपणारे. म्हणूनच दुसऱ्या दिवशी आमचे घट बसतात तेव्हा त्यांची फुलंही चढत असतात.

ती रचणं बघत राहावं. परातीत भोपळ्याची पानं अंथरायची. कुरडूचे देठ सारखे कापून जुड्या बांधायच्या, काही तुरे गुलाबी-निळ्या रंगात बुडवायचे. मग तोंडं बाहेर, देठ आत, असे वेढ्यावर वेढे: तरवड, झेंडू, शेवंती. मधली पोकळी कापलेल्या देठापाल्यानं ठासून भरायची, नाहीतर वरचा भार पडताच सगळं कलतं. शेंड्यावर भोपळ्याचं फूल आणि हळदीची गौरम्मा. दिवसभर बोटांना हिरवट वास येत राहतो.

मग अंगणात ती मधोमध ठेवून बायका टाळ्या देत फेर धरतात. भोंडल्यात वाढलेल्या बाईला तो फेर शिकवावा लागत नाही. आमच्या पाटावर हत्ती, त्यांच्या परातीत फुलं. आमची खिरापत ओळखायची, त्यांचा भाकरी-गुळाचा मलिदा सरळ हातावर यायचा. 1956 पर्यंत मराठवाडा आणि तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते. 1901 च्या श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयमात तेलुगू वाचणारे आणि 1907 च्या विवेकवर्धिनी शाळेत मराठी शिकणारे याच रस्त्यांवरून जात. पुढं सीमा आखली गेली. आमच्यासारखी घरं इथंच राहिली आणि फेरही राहिला.

2014 मध्ये बतुकम्मा तेलंगण राज्याचा सण झाला. दुर्गाष्टमीच्या सद्दुल बतुकम्माला हुसेनसागरच्या बांधावर केवढी गर्दी लोटते! तो मान तिला मिळायलाच हवा होता. जीव तुटतो तो दुसऱ्याच गोष्टीनं. शहर पसरलं, माळ गेले, बांध गेले आणि परातीत झेंडूच झेंडू दिसू लागला. झेंडू लावून पिकवता येतो. पण कुणी न लावता पावसावर उगवलेल्या फुलांना देवपण देणं, हेच तर या सणाचं मोठेपण. तरवडाशिवायची बतुकम्मा मला पटत नाही. सुलतान बाजारात मिळाला नाही तर जांबागेत पाहावा, तिथंही नसला तर पहाटे गुडिमल्कापूरचा फुलबाजार गाठावा. पण तरवड आणावाच.