झोप नेमकी कधी मोडते?

ओपीडीत पहिल्यांदा आलेला माणूस ‘मला नैराश्य आलंय’ असं क्वचितच सांगतो. तो म्हणतो, ‘डॉक्टर, झोप येत नाही, तेवढी एखादी गोळी द्या.’ शेतावरून आलेले आजोबा, आयटीतली मुलगी, नुकतीच बाळंत झालेली सून, बहुतेकांची सुरुवात इथूनच. मन बिघडलंय हे सांगायला जीभ रेटत नाही. झोपेबद्दल बोलायला कुणाला संकोच नसतो. मला या तक्रारीचं मोल फार वाटतं. मनाचे मुख्य आजार जवळजवळ सगळेच झोप मोडतात, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. म्हणून गोळीचं नाव लिहिण्याआधी मी विचारते, झोप नेमकी कधी मोडते? आणि मोडायला लागली कधीपासून?

अंथरुणावर पडून तास-दीड तास डोळा लागत नसेल, डोक्यात कर्जाचे हप्ते, मुलाची परीक्षा, नवऱ्याचं उशिरा येणं यांचं चक्र फिरत असेल आणि महिनोन् महिने असंच चाललं असेल, तर माझा विचार चिंतेच्या विकारांकडे वळतो. त्यांच्यातलाच पॅनिकचा झटका मात्र लागलेल्या झोपेतून उठवतो. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, ‘आता मी जातोय’ अशी खात्रीच. काही मिनिटांत तो टोकाला जातो आणि ओसरतो. ही माणसं आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे जातात, जायलाच हवं. पण ईसीजी चांगला निघाला की ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ म्हणून त्यांची बोळवण होते, ते मला पटत नाही. झालेलं असतं.

नैराश्यातली झोप बऱ्याचदा वेळेवर लागते आणि पहाटे तीन-चारलाच उडते. घर झोपलेलं, आणि हा माणूस छताकडे बघत पडलेला. सकाळ सगळ्यात जड जाते, संध्याकाळी जरा हलकं वाटतं. भजनी मंडळात नेमानं जाणारी बाई जाईनाशी होते, क्रिकेटवेडा माणूस मॅच चालू असताना उठून जातो. दिवसाचा बहुतेक वेळ, रोज, सलग दोन आठवडे असं राहिलं तर त्याला नुसतं दुःख म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडे अशा वेळी शरीरच पुढे होऊन बोलतं: अंग दुखतं, डोकं जड होतं, भूक मरते. थायरॉइडचा आजारही हुबेहूब असाच दिसू शकतो, म्हणून रक्ताची तपासणी मी करायला लावतेच. आणि एक प्रश्न कधीही टाळत नाही: ‘जगू नये असं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरेल, अशी भीती नातेवाइकांना वाटते. तसा तो शिरत नाही. कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलायला लागतो. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही ते काही महिने घ्यावं लागतं, नाहीतर आजार उलटतो.

एक माणूस मात्र झोपेची तक्रार करतच नाही, त्याच्यासाठी ती घरचे करतात. तीन तास झोपून तो ताजातवाना उठतो, रात्री दोनला मित्रांना फोन लावतो, कर्ज काढून एकदम तीन धंद्यांची बोलणी करतो, बोलणं थांबता थांबत नाही. हा उन्माद. याच माणसाला कधीतरी नैराश्य येऊन गेलेलं असतं. ही दोन्ही टोकं मिळून बायपोलर आजार होतो. म्हणून नैराश्याच्या प्रत्येक रुग्णाला ‘याच्या अगदी उलट दिवस कधी आले होते का?’ असं विचारायचं. आले असतील तर नुसतं नैराश्यावरचं औषध त्याला उन्मादात ढकलू शकतं.

एका भेटीत दिसलं त्यावर भरवसा ठेवू नये, आजाराची वाटचाल पाहावी, हे आम्ही एमिल क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरकडून शिकलो. हायडेलबर्गच्या रुग्णालयात तो प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवायचा आणि पुढे काय झालं ते त्यावर टिपायचा. त्या नोंदींच्या आधारे १८९९च्या पाठ्यपुस्तकात त्यानं गंभीर मनोविकारांचे दोन मोठे गट वेगळे मांडले. एक येऊन-जाऊन असणारा, मधल्या काळात माणूस पूर्वीसारखा. दुसरा माणसाला हळूहळू खचवत नेणारा. या दुसऱ्याला १९०८मध्ये ऑयगेन ब्लॉयलरनं स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं आणि सगळेच रुग्ण खचत जात नाहीत, हेही दाखवून दिलं. १९५२मध्ये क्लोरप्रोमाझिन हे या आजारावरचं औषध वापरात आलं, तेव्हापासून तर क्रेपेलिनचा निराशेचा सूर मागेच पडायला हवा होता. घराघरांत तो अजून ऐकू येतो, याचं मला वाईट वाटतं.

स्किझोफ्रेनिया बहुधा ऐन तारुण्यात येतो. रात्रभर मुलगा जागा, दिवसा खोलीचं दार बंद. आवाज ऐकू येणं, ‘माझ्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय’ असा ठाम समज, हे घरच्यांना लवकर कळतं. कळत नाही ते दुसरं: अंघोळ सोडणं, बोलणं आटणं, चेहऱ्यावर काही न उमटणं. त्याला आळस ठरवून दिवसभर बोल लावले जातात. एका देहात दोन माणसं, असला काही प्रकार या आजारात नसतो. ती सिनेमानं पसरवलेली समजूत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट त्याला सन्माननीय अपवाद. आजारी भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण यांची ओढाताण त्यात खरी उतरली आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी दाखवलं की जिथे सतत टोचून बोललं जातं अशा घरात आजार पुन्हा उसळण्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणून औषधाच्या चिठ्ठीइतकाच वेळ मी आई-वडिलांसाठी ठेवते. त्यांना दोष द्यायला नव्हे. तेही थकलेले असतात.

मंत्रचळाच्या रुग्णाला अंथरुणावर यायलाच उशीर होतो. गॅस, कडी, नळ पुन्हा पुन्हा पाहायचे, हात धुवायचे. आपण करतो ते निरर्थक आहे, हे बहुतेकांना पक्कं ठाऊक असतं आणि तरी थांबता येत नाही, हाच त्यातला छळ. सोवळंओवळं कडक पाळणाऱ्या घरात हा आजार वर्षानुवर्षं लपतो, कारण धुण्यापुसण्याचं तिथे कौतुक होतं. याउलट नवरात्रात देवीपुढे जिच्या अंगात येतं आणि जी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी कामाला लागते, तिच्यावर आजाराचा शिक्का मारायला मी तयार नसते. मात्र ते केव्हाही, नको असताना येऊ लागलं, संसार अडला, तर तो वेगळा विषय.

‘झोपेपुरती थोडी घेतो’ म्हणणाऱ्यांची झोप दारूच मध्यरात्रीनंतर मोडत असते. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली, आणि दोन-तीन दिवसांत हात थरथरायला लागले, भिंतीवर किडे दिसायला लागले, तर थेट रुग्णालय गाठावं. यात जीव जाऊ शकतो. आजी-आजोबांच्या बाबतीतही वेळेचाच हिशेब. वर्ष-दोन वर्षांत विसरभोळेपणा वाढत गेला असेल तर डिमेन्शियाचा विचार करायचा. पण कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज रात्री असंबद्ध बोलू लागली, तर लघवीचा संसर्ग, सोडियम, नवी औषधं आधी तपासायची. तिला मानसोपचारतज्ज्ञाआधी फिजिशियनची गरज असते.

बंगळुरूच्या निमहान्स या मनोविकार संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाहणीच्या वेळी सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला, आणि त्यांतले बहुसंख्य उपचारांच्या बाहेर होते. बाहेर असलेल्यांच्या हाती अनेकदा दुकानातून चिठ्ठीविना मिळालेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामची झोपेची गोळी असते. काही आठवड्यांतच तिची सवय लागते, मूळ आजार तसाच राहतो आणि झोप कुठे मोडत होती ती खूणही पुसली जाते.

म्हणून येताना दोन आठवड्यांची टिपणं आणा: अंथरुणावर कधी पडलात, डोळा कधी लागला, जाग कधी आली, उठल्यावर कसं वाटलं. शक्य असेल तर सोबत राहणाऱ्या कुणाला तरी घेऊन या, उन्मादाचे दिवस तेच सांगू शकतात. जगण्याचा वीट आला असेल तर मात्र टिपणांसाठी थांबू नका. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.