फोन ठेवला, हे मशीनला कसं कळणार?

मोडेम म्हटलं की आमच्या पिढीला डायल-अपचा तो किर्रर्र-खर्रर्र आवाज आठवतो आणि तुमच्या पिढीला वायफायचं खोकं. दोष तुमचा नाही. पण त्या काळात मोडेमच्या घराण्यात एक बोलका गडी होता. त्याचं नाव व्हॉइस मोडेम. हा स्वतः फोन उचलायचा, रेकॉर्ड केलेलं वाक्य ऐकवायचा, समोरच्याने दाबलेली बटणं ओळखायचा आणि त्याचं बोलणं हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचा. 'अमुक माहितीसाठी एक दाबा' म्हणणाऱ्या मोठ्या सेवांमागे असायची ती टेलिफोनी कार्डं म्हणजे याचेच श्रीमंत थोरले भाऊ. संपादक मंडळाने "सर, प्रोजेक्टवर काहीतरी लिहा ना" म्हणून पिच्छा पुरवला, म्हणून आमच्या २००१-०२ च्या फायनल इयर प्रोजेक्टची ही हकिगत.

हॉस्टेलवर तेव्हा आम्ही दोनशेच्या वर पोरं आणि बाहेरून येणाऱ्या फोनसाठी लाइन एकच, रेक्टर ऑफिसात. फोन आला की शिपाईमामा चौकात उभे राहून रूम नंबर ओरडायचे. तिसऱ्या मजल्यावरून पोरगा धावत खाली येईपर्यंत गावाकडच्या एसटीडी बूथचं मीटर पळत असायचं. रात्री दहाला ऑफिसला कुलूप. नेमके एसटीडीचे दर रात्री उतरायचे, म्हणून घरचे लोक फोन करायचे ते उशिराच.

माझ्या रूममेटचे आजोबा गेले त्या रात्री बंद ऑफिसात फोन तीनदा वाजला. आम्ही वरून ऐकला. कुणाचा तरी असेल म्हणून झोपलो. निरोप पोचला दुसऱ्या दिवशी दुपारी, तोपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. तो कुणावर चिडला नाही. चार दिवसांनी परत आला आणि म्हणाला, "त्या फोनला बोलता येत असतं तर बरं झालं असतं." प्रोजेक्टचा विषय असा ठरला. (सिनॉप्सिसमध्ये अर्थातच 'मल्टी-युझर व्हॉइस मेसेजिंग सिस्टीम' असं भारदस्त नाव.)

आता खरेदी. चार लाइनचं डायलॉजिकचं कार्ड त्या वेळी सगळ्यात नावाजलेलं. ही कंपनी १९९९ मध्ये इंटेलने घेतली होती. कार्डाचा भाव ऐकला आणि आम्ही चौघांनी चहाच सांगितला. मग रात्रीच्या एसटीने मुंबई, आणि सकाळी लॅमिंग्टन रोड. तिथे पाच-सहाशे रुपयांत इंटर्नल मोडेम मिळत होते, पण ते बहुतेक 'विनमोडेम'. म्हणजे कार्डावर जेमतेम चिप, सगळी हमाली कॉम्प्युटरच्या प्रोसेसरने करायची आणि तीही फक्त विंडोजच्या ड्रायव्हरने. आम्हाला लिनक्सवर काम करायचं होतं. म्हणून सिरीयल पोर्टला लागणारा, स्वतःचा कंट्रोलर असलेला एक्स्टर्नल मोडेम हवा. दुकानदार प्रत्येक खोक्यावरचं '५६के' दाखवायचा. आम्हाला त्या आकड्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं, कारण आवाज रेकॉर्ड करताना मोडेम दुसऱ्या मोडेमशी बोलतच नाही. आम्ही त्याला हायपरटर्मिनल उघडून एकच कमांड द्यायला लावायचो: एटी+एफक्लास=? उत्तरात ८ हा आकडा आला तर मोडेमला व्हॉइस येतं, नाही आला तर खोक्यावर काहीही छापलेलं असो. तिसऱ्या दुकानात ८ आला. (जुन्या रॉकवेल चिपांची बोली वेगळी, तिथे एटी#सीएलएस=८.)

बसवणं दोन दिवसांत झालं. एमगेटीसोबत येणारा व्हीगेटी हा प्रोग्राम फोन उचलायला, आणि पीव्हीएफटूल्स आवाजाचं रूपांतर करायला. आमच्या मोडेमला सेकंदाला ७२०० नमुने आणि चार बिटांचं एडीपीसीएम एवढंच झेपायचं. टेलिफोनचा आवाज मुळात ३०० ते ३४०० हर्ट्झमध्येच असतो, त्यामुळे त्यात फार काही बिघडत नव्हतं.

खरी गंमत पुढे. चाचणीत पार्टनरने बूथवरून फोन केला, निरोप ठेवला, रिसीव्हर खाली ठेवला. मशीन मात्र रेकॉर्ड करतच बसलं! दहा मिनिटं 'टूं... टूं... टूं...' आणि तेवढा वेळ हॉस्टेलची लाइन बिझी. म्हणजे निरोप घेणारं यंत्र पुढच्या निरोपाच्या आड उभं.

कारण शोधता शोधता टेलिफोनीचं एक इंगित कळलं, आणि ते कोणत्याही खोक्यावर छापलेलं नसतं. अमेरिकेत समोरच्याने फोन ठेवला की बरीच एक्स्चेंज लाइनमधला करंट क्षणभर तोडतात, आणि मोडेमला ते लगेच कळतं. आमच्या लाइनवर तसं काही व्हायचं नाही, फक्त बिझी टोन यायचा. तोही वेगळा. अमेरिकेचा बिझी टोन ४८० आणि ६२० हर्ट्झ असे दोन सूर मिळून, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. आपला ४०० हर्ट्झचा एकच सूर, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. परदेशी कानांच्या आमच्या मोडेमला हा आवाज म्हणजे कुणीतरी एकसुरी बोलतंय एवढंच वाटत होतं.

सोपा उपाय व्हीगेटीत तयारच होता: पाच सेकंद शांतता दिसली की लाइन तोडा. पण बिझी टोन ही शांतताच नव्हे, त्यामुळे तो तिथे निसटतो. आणि जिथे शांतता खरोखर असते तिथे काय असतं? आम्ही रूममेटच्या वडिलांना मुद्दाम चाचणीचा फोन करायला सांगितला. मशीन म्हणालं, "निरोप सांगा." पलीकडे नुसतं एसटी स्टँड. मागे कुणीतरी गाडीची घोषणा करतंय. सात-आठ सेकंदांनी हळूच, "मी बोलतोय रे... जेवलास का?" पाच सेकंदांचा नियम ठेवला असता तर हे वाक्य रेकॉर्डच झालं नसतं. त्यावर आमची चौघांची रात्रभर वादावादी. दोघं म्हणाले, लाइन मोकळी होणं महत्त्वाचं. माझं म्हणणं, आपल्या माणसांना मशीनशी बोलायची सवय नाही, त्यांना वेळ लागतोच. शेवटी ठरलं की शांततेवर फोन तोडायचा नाही, सुरावरच तोडायचा.

मग गोर्टझेलचा अल्गोरिदम कामाला आला. डीएसपीच्या पेपरात ज्याला ऑप्शनला टाकतात, तोच. सगळ्या फ्रीक्वेन्सी काढत न बसता एकाच फ्रीक्वेन्सीची ताकद मोजायची. ७२०० च्या दराने १८० नमुने घेतले की ते बरोबर २५ मिलिसेकंद होतात आणि ४०० हर्ट्झ नेमका दहाव्या खान्यात पडतो. पीव्हीएफटूल्सच्या सोर्स कोडमधून एडीपीसीएम उलगडायचा भाग उचलला, त्यापुढे हा हिशोब लावला. पाऊण सेकंद सूर, पाऊण सेकंद काही नाही, असं लागोपाठ चार वेळा झालं की फोन खाली. माणसाच्या तोंडून असा ठेका चार वेळा येत नाही. फारच लांबलेल्या फोनसाठी वर तीन मिनिटांची मर्यादा. एक अडचण मात्र राहिली: मोडेम बोलत असताना लाइनवरचे नमुने आम्हाला मिळत नसत, त्यामुळे स्वागताचं लांबलचक भाषण बाद. "हॉस्टेल. नाव आणि निरोप सांगा." बस्स. मॅडमना ते उद्धट वाटलं, म्हणून 'नमस्कार' वाढवला.

रूम नंबर दाबायची सोयही काढून टाकली. कित्येक घरांतले फोन तेव्हा पल्सवर चालायचे. तिथे बटण दाबलं की 'टक-टक-टक' ऐकू येतं, डीटीएमएफ सूर निघतच नाही. म्हणून माणसाने फक्त बोलायचं, आणि सकाळी शिपाईमामांनी निरोप ऐकून पाटीवर नावं लिहायची. मामांना हे काम भारी आवडलं. "चारशे बारा, आईने स्वेटर पाठवलाय, घालायला सांगितलंय!" हे चौकात ओरडायची गरज नव्हती, पण ते ओरडायचेच.

व्हायव्हाला एक्स्टर्नलनी पहिला प्रश्न विचारला, "५६के आहे का? स्पीड किती मिळतो?"

ते मशीन दोन वर्षं चाललं. वळवाच्या पावसात आसपास विजा पडल्या तेव्हाही टिकलं, कारण लाइनवर गॅस डिस्चार्ज ट्यूब लावली होती. पुढे पोरांच्या खिशात मोबाइल आले आणि कुणी त्याला फोन करेना. २००५ मध्ये मी इथे शिकवायला लागलो, तेव्हा लॅबमध्ये ॲस्टेरिस्क आणि एक्स१००पी नावाचं एका लाइनचं कार्ड घेतलं. गंमत म्हणजे ते कार्डही मुळात मोडेमच्याच चिपवर बेतलेलं. सेकंदाला हजार इंटरप्ट मागायचं, आणि तेच इंटरप्ट नेटवर्क कार्डाने वापरले की आवाज तुटायचा, म्हणून ते स्लॉट बदलून बदलून बसवावं लागलं. पण आम्ही ज्यासाठी दीड महिना घालवला ते तिथे दोन ओळींत होतं: लोडझोन=इन आणि बिझीपॅटर्न=७५०,७५०. हसावं की रडावं कळेना. भारतातल्या कॉलर आयडीसाठीही पुढे वेगळी सेटिंग आली, कारण आपल्याकडे तो पुष्कळ ठिकाणी डीटीएमएफ सुरांत येतो.

आता कुणाला असं काही करायचं असेल, तर कार्डाआधी लाइन तपासा. फायबरच्या खोक्यातून फोनची वायर निघत असेल तर बिझी टोन त्या खोक्याचा असतो, एक्स्चेंजचा नाही, आणि तो ४०० हर्ट्झचाच असेल असं धरून चालू नका. फोन लावा, दुसऱ्या टोकाने ठेवा, जे ऐकू येतं ते रेकॉर्ड करून ऑडॅसिटीत मोजा. मग सेटिंग लिहा. खरेदी त्यानंतर.

आमचा मोडेम लॅबच्या तिसऱ्या कपाटात आहे, अडॅप्टरसकट. नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट असलेलं मशीन आणलंत तर एटी+एफक्लास=? ला तो अजून ८ म्हणतो. जुन्या निरोपांची सीडीही तिथेच आहे, पण ती ऐकवणार नाही. ते निरोप तुमच्यासाठी नव्हते.