तीनशे एफ : रुबाब आणि रग

बॉनेट उघडं होतं, तरी इंजिन दिसेना! दिसत होत्या फक्त नळ्या. जाडजूड, लांबलचक. डावीकडच्या कार्बोरेटरमधून निघून इंजिन ओलांडत उजवीकडच्या सिलिंडरांपर्यंत गेलेल्या, आणि उजवीकडून तशाच डावीकडे आलेल्या. लांबी साधारण ३० इंच! अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या त्या मेळाव्यात मी मस्टँग आणि जीटीओ बघायला गेलो होतो. पण सबंध दुपार खिळून राहिलो ते १९६० सालच्या क्रायस्लर ३००एफपाशी.

या नळ्या कशासाठी, हे कळलं तेव्हा तर मी थक्कच झालो. सिलिंडरकडे धावणारी हवा झडप मिटताच तिच्यावर आदळते. त्यातून दाबाची लाट उठते, नळीतून मागे जाते आणि पुन्हा उलटून येते. नळीची लांबी नेमकी साधली, तर लाट परत येते त्याच क्षणी झडप उघडते आणि जास्तीची हवा आत कोंबली जाते. ना सुपरचार्जर, ना टर्बो. हवेच्याच जोरावर हवा भरायची! ६.८ लिटरचं हे व्ही-८ इंजिन ३७५ अश्वशक्ती द्यायचं. सर्वाधिक टॉर्क मिळायचा तो अवघ्या २,८०० आरपीएमला, म्हणजे हायवेवर ओव्हरटेक करताना नेमका हवा तेव्हा.

आणि आत डोकावावं, तर शर्यतीच्या गाडीचा मागमूस नाही! चार स्वतंत्र लेदर सीट्स. उतरणाऱ्याच्या सोयीसाठी पुढच्या सीट्स चक्क दाराकडे वळतात. गिअर बदलायला दांडा नाही, बटणं आहेत. स्टिअरिंगमागे काचेच्या घुमटाखाली मांडलेले मीटर बल्बविना, स्वतःच्याच प्रकाशानं उजळतात. साडेपाच मीटरहून लांब आणि जवळजवळ दोन टनांची ही आलिशान गाडी. पण हिच्याच ४०० अश्वशक्तीच्या खास आवृत्तीनं १९६० साली डेटोनाच्या वाळूवर धावत्या सुरुवातीच्या मैलात ताशी सुमारे २३३ किलोमीटरचा वेग गाठला!

मग मी या गाडीचं घराणं धुंडाळलं. पहिली सी-३०० आली १९५५ मध्ये. नावातला आकडा म्हणजे तिची अश्वशक्ती. त्या वर्षी अमेरिकेत कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांत हिच्याइतकी ताकद दुसरीत नव्हती. बोटींची इंजिनं बनवणाऱ्या कार्ल कीकहेफर यांनी हीच गाडी नॅस्कार शर्यतींत उतरवली आणि टिम फ्लॉक १९५५ चे विजेते ठरले. पुढच्या वर्षी ३००बी आली, आणि बक बेकर विजेते झाले. दरवर्षी नावापुढे नवं अक्षर लागत गेलं, ते १९६५ च्या ३००एलपर्यंत.

एवढं सगळं असून मसल कारचा, म्हणजे दणकट इंजिनाच्या अमेरिकन गाड्यांचा, इतिहास सांगताना बहुतेक जण १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासूनच सुरुवात का करतात? जीटीओ स्वस्त होती, तरुणांच्या आवाक्यातली होती आणि भरपूर खपली. ३००एफ जेमतेम १,२०० बनल्या आणि पैसेवाल्या, पोक्त गिऱ्हाइकांकडे गेल्या. तिच्यावर लहानाची मोठी झालेली पिढीच नव्हती, मग तिच्या आठवणी सांगणार कोण?

मला मात्र ही गाडी जास्त मोलाची वाटते. मसल कारमध्ये ताकदीसाठी सुखसोयींवर पाणी सोडावं लागे. इथे क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी काहीच सोडलं नाही. मऊ सीटवर बसून घरच्यांना घेऊन शेकडो मैल जायचं, आणि पाय दाबला की शर्यतीतल्या गाडीसारखं सुसाट सुटायचं. दोन्ही एकाच गाडीत, जीटीओच्या चार वर्षं आधी! जुन्या अमेरिकन गाड्यांच्या रांगेत कधी फिरलात, तर मोठ्या शेपट्यांची ही लांबलचक गाडी ‘श्रीमंती थाटाची’ म्हणून ओलांडून जाऊ नका. मालकाला आधी बॉनेट उघडायला सांगा!