राणीवशातली चिनी

परभणीत शिकवणी लावून हिंदी शिकलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. आजोबांच्या पिढीच्या कानावर १९४८ पर्यंत निजामाच्या कचेरीतली आणि शाळेतली उर्दू पडली, आमच्या कानावर रविवार सकाळच्या 'रामायणा'तली हिंदी. आणि आता घरोघरची पोरं डोरेमॉन बघून सख्ख्या मावशीशीही हिंदीत भांडतात. व्याकरण मागाहून आलं, काहींचं आलंच नाही. त्यामुळे मालिका बघून चिनी शिकायचं खूळ डोक्यात शिरलं, तेव्हा ते मला खूळ वाटलंच नाही.

सुरुवात केली 'चन ह्वान च्वान'पासून. २०११ सालची, ७६ भागांची ही मालिका म्हणजे योंगचंग बादशहाचा राणीवसा. मे महिन्यातल्या रात्री, पाणी मारूनही धग न सोडणाऱ्या गच्चीवर, तांब्याला टेकवलेल्या मोबाईलमध्ये बर्फ पडत असायचा आणि गळ्याशी फर लावलेल्या राण्या एकमेकींपुढे लवत असायच्या. शेजारी आडवी झालेली आई बघायची. "ती निळ्या कपड्यातली लई गोड बोलायली," ती म्हणायची, "काईतरी कालवायली बग." दोन-चार भागांत कुणाच्या तरी काढ्यात खरंच काहीतरी कालवलेलं निघायचं. एक शब्द न कळता तिला सगळी गोष्ट कळत होती. मी शब्दांच्या मागे धावताना गोष्ट हरवून बसायचो.

राणीवशात शिकलेल्या चिनीची गंमत अशी, की बादशहापुढे गुडघे टेकून प्राणांची भीक कशी मागायची ते आधी येतं आणि भेंडीचा भाव विचारणं कितीतरी नंतर. 'परभणी क्रांती' ही भेंडी जिथल्या कृषी विद्यापीठाने दिली, तिथल्या माणसाला हे शोभणारं नव्हे. मग राजवाडा सोडून २००५ सालच्या 'च्या यो अर न्यू'कडे वळलो. दुसरं लग्न केलेलं जोडपं, दोघांची मिळून तीन मुलं आणि दिवसभर आईची बडबड : अभ्यास झाला का, हात धुतले का, मार्क एवढेच कसे. हे मात्र भराभर कळू लागलं. आया सगळीकडे तेच बोलतात आणि पुन्हा पुन्हा बोलतात; शिकणाऱ्याला आणखी काय हवं!

चिनी मालिकांचा मोठा उपकार म्हणजे पडद्याखालची चिनी अक्षरं. ती आपल्यासाठी नसतात, त्यांच्या स्वतःसाठीच असतात. ग्वांगचौच्या आणि बीजिंगच्या माणसाची घरची बोली एकमेकांना ऐकून कळत नाही, पण लिहिलेलं दोघेही वाचतात. सुरुवातीला अक्षर ओळखेपर्यंत ओळ निघून जायची. मग 'मी', 'नाही', 'घर' अशी रोजची अक्षरं गर्दीतही सापडू लागली.

सुरांचं म्हणाल तर चिनीत चार. एकच उच्चार वर चढवला, खाली आपटला, की अर्थ बदलतो. पुण्या-मुंबईचे लोक याला घाबरतात. आम्हांला हेल नवा नाही. पुण्यात रिक्षात बसून पत्ता सांगितला, की रिक्षावाला आरशातून विचारतो, "मराठवाड्याचे का?" परभणीचा, नांदेडचा, लातूरचा हेल आम्हांला डोळे मिटून वेगळा कळतो. कान तयारच होता, त्याला आणखी चार सूर दिले इतकंच.

जिभेचं मात्र तसं नाही. हिंदी आम्हांला नुसती पडद्याने दिली नाही. उरुसाच्या गर्दीत, मोंढ्यात, स्टँडवर तिला उत्तर देणारं कुणीतरी होतं. चिनीलाही असंच कुणीतरी लागतं. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले, तिथली भाषा शिकले. १९४२ मध्ये, जेमतेम बत्तिसाव्या वर्षी गेले, पण तोवर जखमी सैनिकांशी चिनीत बोलत होते. खाटेवरचा माणूस कण्हत काही सांगतो, तेव्हा डॉक्टरला 'पॉज' दाबता येत नाही. त्यांच्यावर १९४६ मध्ये शांतारामबापूंनी काढलेल्या चित्रपटात चिनी बायको झालेल्या जयश्रीबाई सुरेख हिंदी बोलतात. चिनी शिकायला त्याचा काडीचा उपयोग नाही.

परभणीत बोलायला चिनी माणूस आणायचा कुठून? म्हणून हल्ली मी मालिकेतच मध्ये तोंड घालतो. बादशहाने प्रश्न विचारला, की चित्र थांबवून आधी मी उत्तर देतो, मग राणीला बोलू देतो. तिचं उत्तर नेहमीच माझ्यापेक्षा लांब असतं आणि बरंच लबाडही. आई म्हणते, "तुजं ऐकलं तर तो पहिल्याच दिवशी मुंडकं उडवील."