ऑटोमागचे धुरकट प्लास्टिक

आमच्या अहमदपुरात नांदेड-लातूर रस्त्यावर घटकाभर उभे राहिले तरी कितीतरी ऑटो डोळ्यांसमोरून जातात. त्यातले बरेच जुने, दुसऱ्या-तिसऱ्या हातून आलेले. आपल्या वस्तीतल्या अनेक घरांची चूल या तीन चाकांवर पेटते. म्हणून ब्रेक, टायर, इंजिनाचे तेल याकडे पोरे बारीक लक्ष देतात. पण हुडाच्या मागच्या चौकटीतले पारदर्शक प्लास्टिक पाहावे, तर ते दुधावरच्या सायीसारखे झालेले. त्याचे कोणाला काही वाटत नाही.

माझा पुतण्या शाळेची लेकरे ने-आण करतो. मागच्या पावसाळ्यात तो म्हणाला, "काका, दिवेलागणीला मागच्या गाडीचा दिवा आरशात नुसता पसरतो. मला चष्मा लागला वाटतं." डोळे तपासून आणले, नजर स्वच्छ निघाली. मग मी त्याच्या जागेवर बसून आरशात पाहिले. मागे गल्लीत उभी असलेली माझी वहिनी मला ओळखूच आली नाही. नुसती पांढरी सावली! याच गल्लीत लेकरे उतरवून तो रोज ऑटो मागे घेत होता.

एका हूडवाल्याने सांगितले, "हे काही होत नाही, सगळा हूड बदला." कर्जाचे हप्ते चालू असलेल्या घराला हे परवडणारे नव्हते.

वाचकहो, हे प्लास्टिक म्हणजे शेतातल्या पाइपाचे, पीव्हीसीचेच भावंड. मूळचे ते कडक. 1926 साली अमेरिकेत वाल्डो सेमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने त्यात तेलासारखे द्रव मिसळून ते मऊ करण्याची युक्ती काढली. म्हणून त्याची गुंडाळी होते. पण आपल्याकडच्या चाळीस अंशांच्या उन्हात ते द्रव हळूहळू बाहेर पडते. प्लास्टिक ताठरते, पिवळे होते, घडीवर तडकते. दुसरे कारण आपल्याच हातात असते. धूळ साचली की गाडीवाला खांद्यावरचा कोरडा रुमाल घेऊन खसाखसा पुसतो. धुळीतले बारीक खडे पॉलिश पेपरचे काम करतात. हजारो ओरखडे पडतात आणि दिव्याचा उजेड त्यात फुटून पसरतो.

आता इलाज होईल की नाही, हे ओळखायचे कसे? प्लास्टिकवर दोन्ही बाजूंनी पाणी ओता आणि ओले असतानाच त्यातून पाहा. ओले असेपर्यंत स्वच्छ दिसले, तर दोष वरच्या ओरखड्यांत आहे. पाण्याने ओरखडे भरतात म्हणून ते तेवढ्यापुरते नाहीसे होतात. असे प्लास्टिक सुधारते. ओले करूनही पिवळे किंवा दुधाळच राहिले, तर खराबी आत शिरली आहे, मग घासून हात दुखवण्यात अर्थ नाही. आमच्या ऑटोत मागचे प्लास्टिक या परीक्षेत पास झाले, बाजूच्या पडद्यांतले दोन तुकडे नापास.

रविवारी सकाळी सावलीत ऑटो लावला. आधी भरपूर पाणी ओतून माती वाहू दिली, घासले नाही. मग बादलीत भांडी धुण्याच्या साबणाचे चार थेंब टाकून तळहातानेच धुतले. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटी नळाचे पाणी वापरून लगेच टिपून घेतले. प्लास्टिक मऊ असल्याने दाबले की आत जाते. वहिनीने पाटाला टॉवेल गुंडाळून आतून आधार धरला. जुन्या सुती लुगड्याच्या बोळ्यावर प्लास्टिकसाठीचे बारीक पॉलिश घेऊन हलक्या हाताने गोल गोल फिरवले, एका वेळी हातभर जागा. तसेच आतल्या बाजूनेही. पॉलिश मिळाले नाही, तर साधी पांढरी टूथपेस्ट थोडेफार काम करते. गाडीच्या रंगाचे जाड रबिंग कंपाउंड मात्र नको, त्याने नवे ओरखडे पडतात. पेट्रोल आणि थिनर तर मुळीच नको. त्यांनी घाण निघते खरी, पण प्लास्टिकातले मऊपण देणारे द्रवही निघून जाते.

तीन फेऱ्यांत दीड तास गेला. नव्यासारखे झाले असे म्हणणार नाही, खोल ओरखडे आहेत तसेच आहेत. पण गल्लीच्या तोंडाशी उभ्या माणसाचा चेहरा आरशात ओळखू येऊ लागला. पडद्यांचे नापास तुकडे तेवढे कापून एका शिवणाऱ्याकडून नवे बसवून घेतले. सगळा हूड बदलण्याची गरज पडली नाही.

पडदे गुंडाळतानाही रीत आहे. ओले गुंडाळू नयेत, घडी घालू नये, मध्ये सुती फडके ठेवावे. थंडीत प्लास्टिक ताठ असते, थोडे ऊन लागू द्यावे, मगच उलगडावे.

आणखी एक गोष्ट, तरुणांना कदाचित आवडणार नाही. बाबासाहेबांचा फोटो आणि 'जय भीम'ची अक्षरे आपण अभिमानाने लावतो, लावावीतच. पण ती नेमकी याच प्लास्टिकवर चिकटवली की अर्धा रस्ता झाकतो, आणि काढताना गोंद प्लास्टिकला ओरबाडतो. पुतण्याने ती अक्षरे आता खिडकीच्या खाली, रेक्झिनच्या पट्टीवर पेंटरकडून रंगवून घेतली आहेत. पूर्वीपेक्षा मोठी दिसतात. गेल्या रविवारी शेजारच्या दोघांनी आपले ऑटो आमच्या दारात आणून लावले. वहिनीचा पाट अजून टॉवेलातच आहे.