दिवा कोणाच्या डोक्यावर?

२०२४ सालच्या गणेशोत्सवातली गोष्ट. लिंबायत भागातल्या एका मंडळाने माझे व्याख्यान ठेवले होते. सुरतेतले लिंबायत, उधना, डिंडोली हे भाग ज्यांनी पाहिले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून लूमवर आणि डाइंग मिलमध्ये पोट भरायला आलेल्या माणसांनी हे भाग भरलेले आहेत. सकाळी दूधवाल्याशी गुजराती, कारखान्यात हिंदी, शाळेत मराठी आणि घरी चुलीपाशी अहिराणी, असा इथला दिवस. मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत तीस वर्षे शिकवले. त्यामुळे या गल्ल्यांतून निम्मे लोक मला ‘सर’ म्हणतात आणि उरलेले निम्मे त्यांच्यामुळे म्हणतात.

विषय मीच सुचवला होता : ‘बदलते हवामान आणि आपण’. निवृत्त मास्तराला विषय मिळाला की तो तयारी करतोच. मी महिनाभर कात्रणे काढली. पण नुसते तापमानाचे आकडे ऐकायला आरतीनंतर कोण थांबणार? म्हणून सुरुवातीलाच हॉलिवूडचे सुप्रसिद्ध नट लिओनार्दो डिकॅप्रिओ यांना मंचावर आणले. २०१६ च्या फेब्रुवारीत या गृहस्थांना ऑस्कर मिळाले. ते स्वीकारताना त्यांनी साऱ्या जगाला हवामानबदलाचा इशारा दिला. त्याच वर्षी मे महिन्यात ते फ्रान्समधल्या कान महोत्सवातून न्यूयॉर्कला एक पर्यावरण पुरस्कार घ्यायला गेले आणि लगेच कानला परतले. तेही खासगी विमानाने, अशा बातम्या तेव्हा जगभर छापून आल्या. जाऊन-येऊन सुमारे आठ हजार मैल. मग मी हिशेब मांडला. युरोपातल्या ‘ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे खासगी विमान एका तासात दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडू शकते. सरासरी भारतीय माणसाच्या वाट्याला वर्षभरात येतो तो जवळपास तेवढाच. “म्हणजे मंडळी,” मी म्हणालो, “तुम्ही वर्षभर जेवढा धूर करता तेवढा हा पुण्यात्मा विमानात चहा पिऊन होईपर्यंत करतो!”

हशा आणि टाळ्या. मग २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेला खासगी विमानांनी आलेल्या बड्या पाहुण्यांचाही समाचार घेतला. दीड तास कसा गेला कळले नाही. नारळ, शाल, फोटो झाले आणि मी प्रसन्न चित्ताने गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गाडीकडे निघालो.

ही गाडी मंडळाने पाठवली होती. चालवणारा माझाच जुना विद्यार्थी. जवळ जाऊन पाहतो तर गाडीचे इंजिन चालू आणि काचा बंद. गल्ली जेमतेम गाडी मावेल एवढी. मागच्या नळीसमोर हातभर अंतरावर एका खोलीचा ओटा, आणि त्या ओट्यावर एक म्हातारी मांडीवर नातवाला घेऊन पदराने वारा घालत बसलेली. सप्टेंबरातला उकाडा सुरतेच्या माणसाला ठाऊक आहे. त्यात ती गाडीची गरम वाफ.

मला पाहून ती म्हणाली, “भाऊ, गाडी बंद करी टाका ना. पोऱ्याले झोप लागत नही.” मग जरा निरखून, “भोंगामा तुम्हीच बोलत व्हतात ना? धूर कमी करा म्हणे.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरे सांगतो, टोमणा असता तर मला सोपे गेले असते. तिने भोंग्यावर व्याख्यान ऐकले होते, तिला ते पटले होते आणि ती एका साध्या गोष्टीसाठी मला सांगत होती.

मी ड्रायव्हरकडे वळून जरा मोठ्यानेच विचारले, “अरे, इतका वेळ गाडी चालू कशाला ठेवलीस?”

तो गोंधळला. “सर, उतरताना तुम्हीच सांगेल व्हतं ना, गाडी थंडगार ठेव म्हणून.”

मी सांगितले होते. शाल आणि टोपीच्या विचारात, उतरता उतरता, सांगितले होते खरे.

घरी आल्यावर हिला सगळा प्रकार सांगितला आणि लगोलग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आरोपीला हिशेब फार सुचतो. उभ्या गाडीत एसी चालू ठेवला तर तासाला लिटरभर पेट्रोल जाते असे धरले. लिटरभर पेट्रोल जळले की सव्वादोन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. दीड तासाचे झाले साडेतीन किलो. विमानाचे तासाला दोन हजार किलो. म्हणजे त्या नटाच्या एका तासात माझी साडेपाचशेहून जास्त व्याख्याने बसतात! कागद हिच्यापुढे धरला. हिने तो पाहिलाही नाही. म्हणाली, “त्याचे विमान आभाळात होते. तुमची गाडी त्या बाईच्या दारात होती.”

हिशेब बरोबर होता, पण त्या रात्री झोप लागली नाही. काही दिवसांनी एक जुनी गोष्ट आठवली. ती आपल्याच मुलखातली आहे.

भाटगाम हे सुरत जिल्ह्यातले, ओलपाड तालुक्यातले गाव. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघालेली दांडीयात्रा २९ मार्चला या गावी पोचली. या प्रवासात सुरतेहून मोटारने दूध मागवले गेल्याचे गांधीजींना कळले होते. रात्रीच्या वाटचालीत उजेड हवा म्हणून एका मजुराच्या डोक्यावर जड किटसन बत्ती देऊन त्याला भरभर चालवले जात होते. ते दृश्य गांधीजींना बघवेना. साठी गाठलेला तो माणूस एवढ्या वेगाने पुढे निघाला की बाकीचे मागे पडले. मग भाटगामच्या सभेत त्यांनी मिठाच्या कराआधी स्वतःची आणि आपल्या सोबत्यांची झडती घेतली. भाषण समग्र वाङ्मयात आहे, जिज्ञासूंनी अवश्य वाचावे. २ मार्चला त्यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून विचारले होते की, आपला पगार महिना एकवीस हजारांच्या वर, सरासरी हिंदी माणसाच्या मिळकतीच्या पाच हजार पटींहून अधिक. हा देश तो कसा सोसणार? आता त्यांचे म्हणणे असे की, आपणच गरिबाला न परवडणारे खाऊ-पिऊ लागलो, तर ते पत्र लिहिण्याचा आपल्याला अधिकार काय?

या प्रसंगाचा मी बरेच दिवस विचार केला. दुधाच्या मोटारीने व्हाइसरॉयचा पगार काही योग्य ठरत नव्हता. मिठावरचा कर अन्यायाचा होता तो होताच. सत्याग्रहींनी दूध प्यायले म्हणून तो न्यायाचा झाला नसता. गांधीजींनी ‘आपण चुकलो, आता कराबद्दल बोलू नका’ असे म्हटले नाही, आणि ‘सरकारच्या लुटीपुढे आपली बत्ती ती केवढी’ असेही म्हटले नाही. ते भाटगामहून निघाले, १ एप्रिलला सुरतेत आले आणि ६ एप्रिलला दांडीला त्यांनी मीठ उचलले.

आपण मात्र नेमक्या या दोन चुका करतो. पहिली चूक ऐकणाऱ्याची. नट विमानातून फिरतो, पुढारी मोटारींचा ताफा घेऊन झाड लावायला जातो. मग हे हवामानाचे सगळे थोतांडच, असे म्हणून आपण मोकळे होतो. वैद्य विडी ओढतो म्हणून विडी औषधी होत नाही. डिकॅप्रिओंचाच ‘बिफोर द फ्लड’ हा माहितीपट २०१६ मध्ये आला. त्यात दिल्लीच्या सुनीता नारायण त्यांना तोंडावर सांगतात की, खरा प्रश्न तुमच्या अमेरिकेच्या राहणीचा आहे. त्यांनी तो भाग चित्रपटात ठेवला, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे. माझ्या व्याख्यानात मी ते दिले नव्हते. हशा कमी झाला असता.

दुसरी चूक बोलणाऱ्याची, आणि ती माझी. दुसऱ्याचे पाप मोठे दाखवले की आपले आपोआप लहान होते. ते लहान असतेही! पृथ्वीच्या तापण्याला लिंबायतची म्हातारी आणि कानचा नट सारखेच जबाबदार आहेत असे जो म्हणेल तो लबाड आहे. ऑक्सफॅमच्या २०२३ च्या अहवालात जगातले सर्वांत श्रीमंत एक टक्का लोक एकूण कार्बनपैकी सुमारे सोळा टक्के सोडतात असा हिशेब दिला आहे. तेव्हा मोठ्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारणाऱ्याने आपली बत्ती कोणाच्या डोक्यावर आहे ते आधी पाहावे. कारण त्या एक टक्क्याला मी दिसत नाही, म्हातारीला मात्र दिसतो.

सुरतेच्या माणसाला हे कळायला परदेशी जावे लागत नाही. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगची साथ आली तेव्हा हे शहर घाणीसाठी देशभर गाजले. माणसे मिळेल त्या गाडीने पळाली, तीत आपल्या खानदेशचीही होती. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना जो नियम घातला त्याचे नावच ‘एसी टू डीसी’ असे पडले : एअर कंडिशनरमधून उठा आणि डेली चोअर्स, म्हणजे रोजची कामे, रस्त्यावर जाऊन पाहा. साहेब स्वतः सकाळी गल्लीबोळांत हिंडत. कचरा उचलणाऱ्याला दिसत होते की वरचाही घाम गाळतो आहे. तीच सुरत २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिली आली.

आणि २००६ चा ऑगस्ट. उकाईचे पाणी मागे नवापूर-नंदुरबारच्या अंगाला पसरते आणि पुढे सुटले की सुरतेच्या अंगणात येते, हे सीमेवरच्या वाचकाला ठाऊकच आहे. त्या पुरात धरणातून सोडलेले पाणी नऊ लाख क्युसेकपर्यंत गेले आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. एका पुरावरून हवामानबदल सिद्ध होत नाही. तापीला १९६८ साली याहून मोठा पूर आला होता. पण हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि पाऊस पडतो तेव्हा झोडपून पडतो, हे शास्त्र आता वादातीत आहे. नदीकाठच्या तळमजल्याने ते विसरू नये.

आम्ही तेव्हा अडाजणला तळमजल्यावर राहत होतो. पुस्तके, धान्य, हिचे शिवणयंत्र सगळे पाण्यात गेले. वरच्या मजल्यावरच्या गुजराती कुटुंबाने आम्हाला चार दिवस ठेवून घेतले. त्या घरातल्या बा सत्तरीच्या. पिण्याचे पाणी एका पिंपात होते तेवढेच. बांनी पितळेचा एक लहान पेला काढला आणि सांगितले, दिवसाला माणशी इतकेच पेले. मुलगा कुरकुरला, एक पाहुणे तर चिडले. पण बा पहिला पेला सगळ्यांसमोर स्वतःसाठी भरत, तोही तेवढाच, आणि त्यावर वाढीव एक घोट घेत नसत. तिसऱ्या दिवशी कुरकुर थांबली. पाणी चौथ्या दिवसापर्यंत पुरले. त्या घरात पाणीबचतीवर कोणी व्याख्यान दिल्याचे मला आठवत नाही.

२०२५ च्या गणपतीत त्याच मंडळाचे बोलावणे पुन्हा आले. फोनवर कार्यकर्ता म्हणाला, “सर, गाडी पाठवू ना?” गुडघा दुखत होता आणि ‘हो’ अगदी ओठांवर आले होते. म्हटले, “नको, मी बसने येतो.” अडाजणहून बस, पुढे शेअर रिक्षा. तासभर लागला. बसमध्ये बसायला जागा मिळाली नाही हेही लिहून ठेवतो, कारण रोज असे जाणाऱ्यांना त्याचे कौतुक कोणी करत नाही.

भाषणाची सुरुवात मी नटापासून केली नाही. गेल्या वर्षीच्या गाडीपासून केली. हशा झाला, जरा निराळा. मग बड्यांची विमानेही सांगितली, आकड्यांसकट, कारण ती खरीच आहेत. शेवटी एक तरुण उठला. डाइंग मिलमध्ये काम करणारा असावा, नखे निळी होती. त्याने विचारले, “सर, तुमच्या घरी एसी आहे का?”

“आहे,” मी म्हणालो. “उन्हाळ्यात रात्री लावतो. आता तीन तासांनी बंद करतो.”

तो काही बोलला नाही. मान हलवून खाली बसला. ते उत्तर त्याला पुरले की नाही, मला माहीत नाही. मला पुरले नाही.

परतताना गल्लीच्या तोंडाशी तोच ओटा. म्हातारीने मला ओळखले. नातू आता चालायला लागला होता. “भाऊ, गाडी कोठे?” तिने विचारले. नाही म्हटल्यावर तिने आत हाक मारून पाणी मागवले आणि ओट्यावर सरकून मला जागा करून दिली.