तुटक्या स्टेशनचं काय करायचं?



शाळेचं प्रदर्शन संपलं की दुसऱ्या दिवशी वर्गात काय उरतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. वाकलेली पवनचक्की, एका बाजूने उकललेलं पुठ्ठ्याचं घर, फरशीवर वाळलेला डिंक. झाडायला आलेल्या मावशी विचारतात, "बाई, हे ठेवायचं का टाकायचं?" इतकी वर्षं मी न बघताच म्हणायचे, "टाका." यंदा पहिल्यांदा "थांबा" म्हणाले. का, ते सांगते.

मागच्या मे महिन्यात मी धाकट्या बहिणीकडे इंग्लंडला गेले होते. तिच्या शेजारी एक निवृत्त आजोबा राहतात. त्यांच्या घरामागच्या बागेत रेल्वे आहे. फुलांच्या वाफ्यांमधून वळणं घेत जाणारे रूळ आणि त्यावर खऱ्या वाफेवर चालणारं, दोन्ही हातांत मावेल एवढं इंजिन. प्रमाण ठरलेलं: खऱ्या एका फुटाला 16 मिलिमीटर, म्हणजे साधारण 1:19. (मी पाच फूट. त्या गावात माझी उंची 8 सेंटिमीटर! गुणोत्तराचा धडा शिकवायला याहून सोपं उदाहरण मला आजवर सुचलं नव्हतं.) दोन रुळांमधलं अंतर 32 मिलिमीटर, म्हणजे खऱ्यात दोन फूट. हे ऐकल्याबरोबर मी म्हटलं, अहो, ही तर आमच्या माथेरानची गाडी! 1907 पासून नेरळ ते माथेरान ती दोन फुटी रुळांवरच चालते.

आजोबांची रेल्वे मात्र वेल्समधल्या खाणींची. आपण लहानपणी ज्या दगडी पाटीवर गिरवलं, तसा दगड तिथल्या डोंगरात निघतो आणि त्याच्या पातळ कौलांनी घरं शाकारतात. तो दगड बंदरापर्यंत न्यायला 1836 मध्ये फेस्टिनिऑग रेल्वे सुरू झाली. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपोआप खाली यायच्या आणि रिकाम्या वाघिणी घोडे वर ओढून न्यायचे. वाफेचं इंजिन आलं ते 1863 मध्ये.

आता मुख्य गोष्ट. माझा भाचा आठ वर्षांचा. एका संध्याकाळी तो गुपचूप घरात आला आणि जेवलाच नाही. झोपताना माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मावशी, आईला नको ना सांगू." त्याचा फुटबॉल कुंपणावरून पलीकडे गेला होता आणि आजोबांचं स्टेशन फुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन गेले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत माफीची दोन वाक्यं पाठ केली होती. आजोबा रागावले नाहीत. पण "असू दे रे बाळा" असंही म्हणाले नाहीत. त्याच्या हातात एक ट्रे दिला आणि सांगितलं, सगळे तुकडे गोळा कर, नखाएवढा असला तरी सोडू नको. तुकडे जमल्यावर त्यांनी एका भिंतीची कड दाखवली. तिथे जुनी, काळी पडलेली भेग होती. हिवाळ्यात अशा भेगेत पाणी शिरतं, त्याचा बर्फ होतो, बर्फ पाण्यापेक्षा साधारण 9 टक्के जास्त जागा घेतो आणि भेग रुंदावते. म्हणजे निम्मं काम थंडीने आधीच केलं होतं. निम्मं फुटबॉलने. भाच्याला त्याची निम्मी चूक त्यांनी सोडून दिली नाही, हे मला फार आवडलं.

मग ते कामाला लागले. मला वाटलं होतं, आता स्टेशन चिकटवतील. तसं केलंच नाही. दर्शनी भिंत शाबूत होती, ती सरळ लाकडी कुंपणाला स्क्रूने बसवली. समोरून बघाल तर अख्खी इमारत, मागे काहीच नाही! अर्धं छप्पर मालधक्क्याच्या शेडवर गेलं. दारं-खिडक्या पत्र्याच्या डब्यात गेल्या. त्या डब्यात आधीच्या कितीतरी घरांच्या खिडक्या होत्या. चुरा वाघिणींत भरला. खाणीचा माल झाला.

उरली तिरकी तुटलेली बाजूची भिंत. तिच्यावर त्यांनी पूर्ण दोन दिवस घालवले. दगडी भिंत बिस्किटासारखी तुटत नाही, सांध्यांवरून एकेक दगड निखळत जातो. म्हणून भाच्याला कानस देऊन तुटकी कड दगडादगडाने, पायऱ्यांसारखी करायला लावली. भग्न भिंतीची जाडीही दिसते, म्हणून मागून दुसरा थर चिकटवून ती जाड केली. आणि मग ती रुळाजवळ खाणकामगारांची पडकी खोली म्हणून उभी राहिली. यात खोटं काही नाही बरं का. वेल्समधली डिनॉर्विक खाण 1969 मध्ये बंद पडली आणि तिथल्या कामगारांच्या बिनछपराच्या खोल्यांच्या रांगा आजही डोंगरावर उभ्या आहेत. त्या जागी चकचकीत स्टेशनपेक्षा ही पडकी खोलीच जास्त खरी.

भाचा कानस चालवत होता आणि मला एक सहावीतला मुलगा आठवत होता. बऱ्याच वर्षांपूर्वीचा. त्यानेही स्टेशनच केलं होतं, बुटांच्या खोक्याचं. गर्दीच्या एसटीतून आणताना ते चेपलं. प्रदर्शनाला दहा मिनिटं उरलेली, पाहुणे फाटकाशी आलेले. मी म्हटलं, "असं तुटकं कसं मांडायचं? बाजूला ठेव." दुपारी ते मला कचऱ्याच्या डब्यात दिसलं. मी टाकलं नव्हतं. त्यानेच नेऊन टाकलं होतं. पुढच्या वर्षी त्याने प्रदर्शनात नाव दिलं नाही आणि मीही विचारलं नाही. काय करता आलं असतं? त्या खोक्याची एक भिंत तर धड होती.

तर यंदा मी वर्गात एक मोठं खोकं ठेवलंय. प्रदर्शनानंतरचं तुटकं सामान त्यात जातं. कापण्याआधी दाराची उंची मोजायची, हा नियम; कारण मोडक्या घराचं माप दारावरून कळतं. एका घराचं दार 10 सेंटिमीटर आणि दुसऱ्याचं 5 असेल तर ती दोन्ही शेजारी ठेवायची नाहीत. लहान घर मागे, लांबवर ठेवलं की चालून जातं. हे मुलांनी दुसऱ्याच दिवशी स्वतःहून शोधलं. दिवाळीच्या किल्ल्याला यातल्याच दोन भिंती तटबंदी म्हणून लागल्या.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्याच आठवड्यात एकाने दुसऱ्याचं घर न विचारता कापलं आणि रडारड झाली. तिथे चूक माझी होती. खोक्यात पडलं म्हणजे सगळ्यांचं, असं मी धरून चालले होते. भाच्याने फोडलेलं स्टेशन आजोबांचं होतं आणि त्याचं काय करायचं हे त्यांनीच ठरवलं, हे मी विसरले. आता ज्याने केलं त्याला आधी विचारतो. बहुतेक जण हो म्हणतात. एक मुलगी अजून नाही म्हणते. तिचं बिनछपराचं घर तेवढं कपाटावर ठेवलंय आणि झाडताना मावशी ते स्वतः उचलून बाजूला ठेवतात.